उसवलेला पंख

अप्पा, आज मी विमानाचा पंख उसवला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. घरातली पहिली पदवी आली ती तुम्ही पाहिली नाहीत, आणि विमानालाही शिवण असते हे तर आपल्यापैकी कुणाला ठाऊकच नव्हतं. मी न्यूझीलंडमध्ये आहे, ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातल्या एका शेडमध्ये. शंभर वर्षांपूर्वी जर्मनांनी लढाईसाठी बनवलेल्या, एकावर एक तीन पंख असलेल्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती आम्ही बांधतोय. लाकडाच्या फासळ्या, त्यांवर ताणलेलं कापड, आणि ते फासळ्यांना दोऱ्यानं शिवलेलं. तुमच्या दाभणापेक्षा लांब सुई मी वरून आत घालते, खालून आमचे सत्तरीतले मुख्य कारागीर ती परत वर पाठवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हे कॉलेजात शिकलीस?" म्हटलं, "नाही. माझे वडील रिक्षांची हुडं शिवायचे." "मग कॉलेजात चार वर्षं काय केलंस?"

तुमच्या टपरीतली ती दुपार आठवते. मी नववीत असेन. रिक्षावाला घाईत होता म्हणून मी हुडाची कड लांब लांब टाके घालून भराभर शिवून टाकली. तुम्ही चष्मा वर सरकवलात. "टाके घालतेस की खांब रोवतेस?" रिक्षावाला माझी बाजू घेतो, "जाऊ द्या हो अप्पा, पोरीनं झकास शिवलंय." तुम्ही ब्लेड घेऊन सगळी कड उसवता, त्याच्यासमोर. "फाटेल तेव्हा मी नसेन तिथे. तुम्ही असाल आणि पॅसेंजर असेल." मला रडू येत होतं. तुम्ही बाजूला बसून दोरा ओवून दिलात, आणि संध्याकाळी माझ्यासाठी भजी आणलीत. त्या कडेबद्दल पुन्हा एक शब्द बोलला नाहीत.

या विमानाचं इंजिन अजब आहे. पुढच्या पात्यांबरोबर अख्खं इंजिनच गरागरा फिरतं. त्यात एरंडेल घालतात, आणि ते मागे उडत राहतं, चालवणाऱ्याच्या तोंडावर. काल पंख न जोडताच ते सुरू करून पाहिलं. शेडबाहेर तो वास पसरला आणि मी एकदम सात वर्षांची झाले. तुम्ही वाटी घेऊन समोर उभे आहात, मी नाक दाबून धरलंय. विमान उडवणार आहे ती आमच्या कारागिरांचीच मुलगी. ती तेलानं चकचकीत झालेल्या तोंडानं खाली उतरली आणि मला मिठी मारून म्हणाली, "आता फक्त तुझे टाके! त्यांच्याच भरवशावर उडायचंय मला."

पात्यांचा जोरदार वारा पंखाच्या ज्या भागावर येतो तिथे टाके जवळजवळ लागतात. अंतराच्या खुणा करणं माझं काम होतं. तिथल्या एका फासळीवर मी बाहेरच्या भागाचं, मोठं अंतर आखलं होतं. वरून पट्टी चिकटवून रंग दिला होता. कुणाला कळलं नसतं. आज सकाळी मी कारागिरांना सांगितलं. त्यांनी चहाचा मग खाली ठेवला. पंखाकडे वळून त्यांनी विचारलं,

"फाटलं असतं?"

"बहुतेक नाही."

"कधी लक्षात आलं?"

"आत्ताच. सकाळी मापांची वही तपासताना."

"स्वीट ॲज," म्हणाले. इथे 'हरकत नाही'ला असं म्हणतात. सुरी माझ्या हातात देऊन ते पंखाच्या दुसऱ्या बाजूला गेले. दिवसभर आम्ही उसवत होतो. जेवताना त्यांनी मुलीला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "हिच्या बापानं हिला नीट घडवलंय." तिनं आपल्या डब्यातला केक मला अर्धा दिला.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. चूक मला सोमवारी सापडली होती, अप्पा. आज गुरुवार आहे. नवी नोकरी, पदवीची ऐट, काय काय आड आलं. काल तिनं मिठी मारली तेव्हाही मला ठाऊक होतं. आणि आज त्यांनी तुमचं नाव काढलं तेव्हा मी मान खाली घालून केक खाल्ला.