भरल्या गाडीचं कण्हणं

१२ एप्रिल १९५९, रविवार

गाडी कण्हते. घरात तीन माणसं, सहा कान, आणि ऐकते मी एकटी. सून विमला म्हणते, "इंजिनाचो आवाज तो, आये." सून माझी आणि बाजू घेते इंजिनाची!

श्री लिहायचं राहिलं. श्री. वर जागा नाही म्हणून मधेच. देवाला चालतं.

वही घेतली कारण माझ्या तोंडाला घर कंटाळलंय म्हणे. आजपासून तोंड कमी, हात जास्त. मी मराठी तिसरी पास आहे. म्हणजे तिसरीत बसले होते, पास नंतर होणार होते.

तर गाडी. सत्यवान माझा मुलगा, कसालच्या भाईशेटचा ड्रायव्हर. आधी पेट्रोलची जुनी लॉरी होती. दसऱ्याला शेटनी डिझेलची नवी गाडी घेतली. खाणीवरून चिरे भरते आणि आमच्या दारावरून चढ चढते. रिकामी असली की टकटकटकटक, विमलाच्या जिभेसारखी. भरलेली असली की घूंऽऽ, घूंऽऽ, खोलातून, एकेक ठोका ओढून. मागे काळा धूर. आमच्या ह्यांचा दमा मी काढलाय. छातीचं दुखणं मला कोणी शिकवू नये.

पण गाडी शेटची. मी लक्ष घालणार नाही. ठरलं.

१४ एप्रिल, मंगळवार

सत्यवानाला फक्त एक प्रश्न विचारला. तो म्हणतो, सकाळपासून हाच विचारतेस.

म्हणाला, "आये, ह्या इंजिनात ठिणगी नाय. हवा दाबून दाबून तापता, त्या तापल्या हवेत पंप डिझेलची पिचकारी मारता, ता आपसूक पेटता. रिकाम्या गाडयेक बारीक पिचकारी पुरता. चिरे भरले की माका पाय दाबूचो लागता, पिचकारी मोठी जाता. मोठो भडको, मोठो आवाज. आणि चढावर इंजिन हळू फिरता, म्हणान एकेक ठोको वेगळो ऐकाक येता."

काडी न लावता पेटतं म्हणे. इथे फुंकून फुंकून माझे डोळे गेले.

पुढे म्हणाला, "तू भाताचो भारो घेऊन चढतस तेव्हा हुंकारतस. तो काय आजार?"

आजारच. गुडघे दुखतात. कोणी विचारलं?

१७ एप्रिल, शुक्रवार

सहज देवळात गेले. गेलेच होते म्हणून गुरवाला कौल लावायला सांगितला. त्याने पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देव हो म्हणतो, डावी पडली तर नाही. विचारलं, गाडीला दुखणं आहे का?

डावी पडली. गुरव म्हणाला, "देव नाय म्हणता, काकी."

म्हटलं, देवाला डिझेलमधलं काय कळतं, नीट विचार. गाडीला काही दुखत नाही असं छातीवर हात ठेवून सांगशील का रे देवा?

डावी पडली. झालं! देव माझ्या बाजूचा निघाला.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, गाडयेक जा काय बाधला आसात ता दूर कर रे म्हाराजा." मी मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. तीर्थ घेऊन घरी आले.

१९ एप्रिल, रविवार, दुपार

गाडी अंगणाकडेला उभी. सगळे जेवून आडवे. डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवून तिच्या तोंडात थेंबभर तीर्थ घातलं, तुळशीच्या पानासकट.

गाडीत लक्ष घातलेलं नाही. काम देवाचं, हात फक्त माझे.

२० एप्रिल, सोमवार

आज जे झालं त्याचा कालच्याशी संबंध नाही.

गाडी चिरे भरून चढाच्या मध्यावर आली, धक्के खाल्ले आणि मेली. नुसत्या ब्रेकाला वजन पेलवेना. मागे सरकायला लागली. क्लीनर बाबलीने खाली उडी टाकली आणि मागच्या चाकाखाली लाकडी गुटका सारला. नाहीतर गाडी, चिरे आणि माझा सत्यवान, तिन्ही चढाखालच्या काशीबाईच्या पडवीत गेले असते.

मिस्त्री आला, मागोमाग भाईशेट. डिझेलचा फिल्टर खोलला. पाणी.

भाईशेट म्हणाले, "डिझेल विकल्यान आणि वर पाणी ओतल्यान. क्लीनर लोकांचो जुनोच धंदो." बाबली आईची शपथ घ्यायला लागला, "शेटनू, आवशीची शपत!" शेट म्हणाले, "आवशीक मधी हाडू नको. गाडयेक परत हात लावू नको. चल, घराक जा."

ज्याने गाडी थांबवली तोच चोर ठरला.

थेंबभर तीर्थाने एवढी गाडी मरेल का? पेलाभर असेल फार तर. तरी उद्या सत्यवानाला सांगणार. आज तो जेवलाच नाही, आणि उपाशी माणसाला असलं सांगू नये.

२२ एप्रिल, बुधवार

काल सांगायचं राहिलं. काल तो पोटभर जेवला. जेवलेल्या माणसाला सांगितलं तर अन्न अंगी लागत नाही.

आज विमला समोर होती.

बरोबर आठवलं तर पेला नव्हता, तांब्या होता. पण तांब्या आमचा लहान आहे.

२५ एप्रिल, शनिवार

बाबलीची आई रुक्मिणी. तिला आमच्या झाडाचा कापा फणस नेऊन दिला. मोठा दिला. वाटलं, फिटलं.

तर ती माझा हात धरून रडायला लागली. म्हणाली, "काकी, गावात तुमी एकट्याच आमच्या दारात इलात." बाबलीचं लग्न नांदगावला ठरत आलंय. मुलीच्या बापाच्या कानावर गेलं तर मोडेल म्हणते.

मी म्हटलं, "नाय गो मोडूचा. फणस कापताना हाताक तेल लाव."

दुसरं वाटेत सुचलं, पण तेव्हा घर आलं होतं.

उद्या नक्की.

२८ एप्रिल, मंगळवार

टाकीतलं पाणी खालून काढून, फिल्टर पुसून गाडी सुरू झाली. नवा क्लीनर चालत्या गाडीत झोपतो. गाडी भरली की आवाज तसाच. घूंऽऽ, घूंऽऽ. म्हणजे आजार नव्हताच. सत्यवान सांगत होता तेच खरं. हे त्याला सांगायची गरज नाही.

ती चढावर आली की मी भांडी घासायला घेते. विमला म्हणते, "आये, ह्या टोपाक आता भोक पडात."

शेवटी गेले शेटच्या दुकानात. सगळ्यांदेखत म्हटलं, पाणी बाबलीने नाही घातलं, मी घातलं. शेट हसले. म्हणाले, "राधाकाकी, दुसऱ्याच्या पोरासाठी चोरी अंगावर घेतात! मन मोठा तुमचा." वर मला नारळ दिला.

तुळशीचं पान टाकीत आहे, शोधा म्हणजे पटेल, एवढं सांगायचं राहिलं. घाई होती.

पण मी सांगितलं. त्यांनी मानलं नाही, हा त्यांचा दोष. आज झोप लागेल.

१ मे, शुक्रवार

झोप लागली नाही.

नांदगावचे लोक येऊन नाही म्हणून गेले. चोराच्या घरी मुलगी देत नाही म्हणाले. रुक्मिणीने त्यांच्यासाठी माझाच फणस कापला होता.

दुपारी खाणीकडे गेले होते, सरपणाला. बाबली तिथे चिरे वाहत होता. डोक्यावर चुंबळ, त्यावर चिरा. त्याच गाडीत भरत होता. शेटनी हात लावू नको म्हटलं होतं, म्हणून चिरा फळीवर ठेवताना गाडीला हात लागू देत नव्हता. मला बघून म्हणाला, "काकी, उन्हात कित्याक इलात?"

गाडी भरून निघाली. त्या आवाजाकडे त्याने मान वळवून बघितलं, आपली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात हंबरावी तसं.

खरं लिहायचं तर तांब्या नव्हता. कळशी होती. तीर्थ कमी वाटलं म्हणून वर विहिरीचं घातलं.

२ मे, शनिवार

सत्यवान जेवला होता की नव्हता, बघितलं नाही. सांगितलं. तीर्थ, विहीर, कळशी, तुळस.

तो उठून चपला घालायला लागला. हे वाईट. तो ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं.

मिस्त्रीला आणून टाकी उतरवली. तळाशी तुळशीचं पान, आणि कौलाची एक कळीही. ती कशी गेली मला माहीत नाही.

शेटनी पान उलटसुलट करून बघितलं. सत्यवान म्हणाला, "शेटनू, ह्या क्लीनराचा काम नाय. ह्या माझ्या आवशीचा." मग मला घेऊन नांदगावला गेला, मुलीच्या बापासमोर उभं केलं. तिथेही सांगितलं. बाप हसून हसून खोकला.

४ मे, सोमवार

बाबली गाडीवर परत आला. लग्न ठरलं. बाजारात पोरं मला तीर्थकाकी म्हणतात. टाकीला कुलूप लागलं. म्हणजे माझ्यामुळे सगळ्यांचं बरंच झालं.

सकाळी बाबली दारात आला. मी चहा पुढे केला. त्याने घेतला नाही, विमलाकडून पाणी मागून घेतलं. मग अगदी हळू म्हणाला, "काकी, पाणी घातल्यात ता देवासाठी घातल्यात. पण शेट माका चोर म्हणत होते, तेव्हा तुमी खंय होतात?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि आत आले. चुलीवर दूध नव्हतं.

कुठे होते? तिथेच, दारात. सगळं ऐकत होते.

बाबली रोज ह्याच चढावरून जाणार. परत विचारणार. पाणी कोणी घातलं, ते मी सांगून झालं. आता हे विचारलंन तर सत्यवानाने उत्तर द्यायचं. आई त्याची आहे.