खालच्या बटनावरचा शब्द

परतवाडा. तान्हा पोळा, दिवेलागण.

रंजे, रोजनिशी माझी आहे, तू फक्त हात. कालचं पान लिहायचं तूच विसरलीस, अन् वर म्हणतेस आजी विसरते!

माझ्या या नातीनं, रंजीनं, आज मामाकडच्या जुन्या कॉम्प्युटरवर आपला पहिला प्रोग्राम केला. एक खिडकी उघडते, नाव टाकलं की बोलते. माझं नाव टाकून तिनं वाचून दाखवलं, "राम राम, गोदाबाई." खालच्या बटनावर काय आहे, विचारलं. म्हणे, "संपवा." दाबलं तर खिडकी गेली, माझं नावही गेलं.

मन खट्टू झालं. लागोपाठ दोन सालं कपाशी हातची गेली, तेव्हापासून हा शब्द गावात फार ऐकला. अमक्यानं स्वतःले संपवलं, तमक्यानं संपवलं. पोरीच्या पहिल्या कामावर तोच काहून?

"आजी, प्रोग्राममधून बाहेर निघासाठी काहीतरी लिहाच लागते."

"मंग घरातून निघताना आपन काय म्हनतो?"

"येतो."

"तेच लिही."

"क्लासचे सर हसतील ना वो! उद्या त्यायले आवडलं तरच ते नोकरीसाठी माझं नाव देनार हायेत."

तरी तिनं लिहिलं. दाबलं, खिडकी गेली, पण या खेपेला जीव हलला नाही. आता वाटते, माझ्या हट्टापायी पोरीची नोकरी तर नाही ना हुकणार? शब्द मात्र हाच बरा.

सूनबाई, उद्या रंजीसोबत सरांसाठी पोळ्याच्या करंज्या पाठव. आधी त्यांना खाऊ दे, मग हिनं खिडकी उघडावी. भरल्या तोंडानं हसता येत नाही.