वाफ घेतोय

शनिवार, संध्याकाळ. मॉरिसव्हिल.

बाल्कनीत वेप, म्हणजे ई-सिगारेट, घेऊन बसलो होतो. नवा टँक, लिक्विडची वाफ करणारा वरचा भाग, त्यावर बसेना, म्हणून अ‍ॅडाप्टरची रिंग लावली. बसला, पण खालची लिक्विडची मऊ बाटली कितीही दाबली तरी ते वर चढेना. नव्या टँकच्या तळाची पिन भरीव निघाली. खालून भरायचं तर पिन पोकळ हवी, एवढं साधं. जुना टँक परत लावला, बाटली दाबली, आणि लिक्विड अलगद वर आलं. मला ओढण्यापेक्षा हेच बघायला जास्त आवडतं का? असेलही.

ढग सोडला. समोरची पाइनची झाडं त्यात विरघळली, आणि मागून आई आली. नुकतीच साताऱ्याहून इकडे परदेशात माझ्याकडे आलीये. तिला यातलं काही माहीत नाही.

"काय करतोयस रे?"

घाईत तोंडातून निघालं, "वाफ घेतोय." तसं खोटं नव्हतं. वेपिंगला मराठीत दुसरं काय म्हणणार?

ती आत गेली. वाटलं, सुटलो. तर टॉवेल आणून तिने माझ्या डोक्यावर टाकला. "अशी उघड्यावर वाफ घेतात का? सगळी उडून जाते."

टॉवेलखाली अंधार, ऊब. लहानपणीच्या निलगिरीऐवजी लिक्विडमधल्या आंब्याचा वास. डोक्यावर तिचा हात. तिथून बाहेर यावंसंच वाटेना.

मग बाहेरून तिचा आवाज आला, अगदी शांत. "तुझे बाबाही तंबाखूच्या मिश्रीला दात घासणंच म्हणायचे. शेवटपर्यंत."

बाटली मुठीत होती. दाबली नाही. तिनेही हात काढला नाही.