मागच्या चाकाचं वजन

११ जानेवारी १९७१, सोमवार. काष्टी.
नगरच्या साहेबांचं पत्र आलं. 'सदर कर्मचारी एकट्याने फिरती करण्यास सक्षम आहे किंवा कसे, याची मार्चमध्ये समक्ष पाहणी करण्यात येईल.' नसेल तर नगरच्या कचेरीत आवक-जावकचं टेबल. अकरा वर्षं गुरांच्या दवाखान्याचा स्टॉकमन म्हणून ढोरांमागे हिंडलो, आता कागदांना नंबर घालायचे.

सगळं दुखणं डाव्या पायात. दोन वर्षांपूर्वी सांडानं लाथ घातली, मांडीचं हाड जुळलं पण पाय आखूड झाला आणि वाळला. मोटारसायकल चालवता येते, उभी करता येत नाही. मधल्या स्टँडला घेताना भार डाव्या पायावर येतो आणि तो नाही म्हणतो. साइड स्टँड काळ्या रानात रुततो, गाडी आडवी. म्हणून दवाखान्याचा शिपाई लक्ष्मण मागे बसून येतो. किक तोच मारतो, स्टँडला तोच लावतो. तेवढा वेळ दवाखान्याला कुलूप. साहेबांचं चुकत नाही, हेच वाईट.

१४ जाने.
सौ. म्हणाली, "जा की टेबलावर. सावलीत बसाल." भाकरी थापता थापता मग तीच, "नको. घरी येऊन रोज माझ्यावर डाफराल."

१७ जाने., रविवार. केडगाव.
रज्जाकभाईंचं गॅरेज. मिलिटरीच्या लिलावात ही गाडी त्यांनीच निवडून दिली होती, तेव्हा निस्तरायचीही त्यांनीच. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर आधी पुढचं चाक चढवलं, मग मागचं. ८६ आणि १०८. एकूण १९४ किलो, औषधांची पेटी सोडून. र.भाई म्हणाले, "डाक्टरसाब, ही गाडी नाय, म्हैस हाय. गाभण."

ब्रेकच्या दांडीला भोकं पाडून वजन काढू का म्हटलं. भडकले. "जिथं जीव टांगलाय तिथं भोक नाय पाडायचं." गाडी ठेवून लक्ष्मण आणि मी एस.टी.नं परत. येताना तो झोपला, मी किलो मोजत बसलो.

२४ जाने., रविवार.
निघालं ते: पायांपुढचा लोखंडी गार्ड, दिव्यावरचा पत्र्याचा मुखवटा, पुढचं मडगार्ड. मडगार्ड आता ॲल्युमिनियमचं. मी सगळंच ॲल्युमिनियमचं करा म्हणत होतो, कॅरियरसुद्धा. र.भाई नाही म्हणाले. "पत्र्याला चालतं. कॅरियरला नाय. लोखंड वाकतं, दिसतं. हे न सांगता तुटतं, मग पेटी रस्त्यात आणि तुमी पेटीवर."

एकूण १७९. पंधरा किलो उतरले! सगळ्यांना चहा पाजला. मग ऐटीत स्टँडला घ्यायला गेलो. हलली नाही. पुन्हा ओढली. नाही. चहावाला पोऱ्या बघत उभा, इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की कप परत द्यायचाही विसरलो.

३१ जाने.
आठवडाभर डोक्यात तेच. आज केडगावला काट्याची चिठ्ठी पुन्हा पाहिली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. दोन्ही चाकं वेगवेगळी मोजली खरी, पण बघितली दोघांनीही नुसती बेरीज. पुढे ८६ चे ७२ झालेत. मागे १०८ चे १०७. आणि स्टँडला घेताना उचलायचं असतं मागचं!

र.भाईंना दाखवलं. "हिसाब बराबर, चाक गलत," म्हणाले आणि पोट धरून हसले. मला हसू यायला थोडा वेळ लागला.

७ फेब्रु., रविवार.
आता मागचं. पिशव्या टांगायच्या अँगलच्या चौकटी, दुसरं सीट, हत्यारांचा डबा, मागचं मडगार्ड. चेनवरचा पत्रा काढू दिला नाही, धुळीनं चेन खाईल म्हणाले. मागे ९१.

उचलली. दोनदा! र.भाईंनी पाठीत अशी थाप मारली की तिसऱ्यांदा उचलायची ताकद राहिली नाही.

१० फेब्रु.
पेटीचं काय? लोखंडी ट्रंक रिकामीच नऊ किलो. सागाची केली तर फार फरक पडत नाही. लक्ष्मण म्हणाला, "बुरडाकडनं कळकाची करून घ्या की. लई हलकी व्हईल." बाजारातल्या बुरडानं दोन दिवसांत बांबूच्या कामट्यांचा पेटारा विणून दिला, झाकणासकट. आतून ताडपत्री शिवली. अडीच किलो. सौ. म्हणते, "आता एक पुंगी घ्या. गारुडी शोभाल."

१३ फेब्रु.
भरलेला पेटारा लावून उचलत नाही. काढाकाढी सुरू. अडलेल्या गाईचा दोर हवाच. पोट फुगल्यावर टोचायची नळी हवी. कॅल्शियमच्या बाटल्या सहा, काचेच्या, भरलेल्या. साडेचार किलो. गेल्या वर्षात चार वेळाच लागल्या होत्या. त्या दवाखान्याच्या कपाटात ठेवल्या.

उचलली. स्टँडवर असली की किक बसल्याबसल्या उजव्या पायानं बसते. एकटा फिरतीला गेलो, दोन वर्षांनी पहिल्यांदा. तीन वस्त्या. मागे कोणी नाही. वाटेत उगाच एकदा थांबलो, गाडी स्टँडला लावली, पुन्हा काढली. हरभऱ्यातला एक म्हातारा विचारत होता, "काय बिघडलं का, डाक्तर?" म्हटलं, काही नाही.

२२ फेब्रु.
गंगूबाईची वस्ती, नऊ मैल. "म्हस कालच्याला व्यालीय. सकाळधरनं उठंना, मान कुशीत घातलीया." बघताक्षणी कळलं. कान गार, डोळे थिजलेले. शिरेतून बाटली दिली की अर्ध्या तासात उठून वैरण मागते असं हे दुखणं.

बाटली कपाटात.

गेलो, आलो. तासाच्या वर गेला. म्हैस गेली होती. रेडकू आचळाला लागायला बघत होतं, गंगूबाई त्याला ओढत होती. मला म्हणाली, "तुमी तरी काय करनार. लई पळालात." बाटल्या मी मागे ठेवल्या, हे तिला सांगितलं नाही. तोंडात आलं होतं. आलं आणि गेलं.

२३ फेब्रु.
सौ.ला सांगितलं. समजूत घालेल वाटलं होतं. "चुकलंच तुमचं," म्हणाली. "चांगली दुभती म्हैस." मग ताट वाढलं. काल जेवलो नव्हतो, आज जेवलो.

सहाही बाटल्या पेटाऱ्यात. गाडी उचलत नाही. परत लक्ष्मण मागे, सीट नाही म्हणून गोणपाटाच्या घडीवर.

२८ फेब्रु., रविवार. केडगाव.
र.भाईंना सगळं सांगितलं. हातातला नट पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "कमी नाय करायचं. फुडं सरकवायचं." टाकीवर टाकायची कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, दोन्हीकडे तीन-तीन कप्पे, आत गोणपाट. बाटल्या तिथे. पेटारा हातभर पुढे घेतला, जवळजवळ माझ्या पाठीला टेकेल इतका.

पाच वेळा उचलून पाहिली. तीनदा जमली.

५ मार्च.
सकाळी जमते. दोन-तीन वस्त्या करून आल्यावर पाय थरथरतो, मग नाही. रोज तेल लावून चोळतो. सौ. म्हणते, लग्नातसुद्धा एवढी हळद लावून घेतली नव्हती.

११ मार्च, गुरुवार.
साहेब आले. जीप दवाखान्यासमोर, निम्मं गाव गोळा. "घ्या बघू स्टँडला." घेतली. एका दमात! इतकी सहज की मलाच नवल वाटलं. साहेब म्हणाले, "शाबास. खरं सांगू, मला वाटलं नव्हतं." तिथेच शेरा लिहिला, पाकीट बंद केलं, माझ्याच हातात दिलं. ते पुढे आठवडाभर दौऱ्यावर आहेत. "उद्या सकाळच्या एस.टी.नं कचेरीत पाठवा."

लोकांनी पेढे मागितले. दिले.

दुपारी शेंडग्यांच्या मळ्यात पेटारा उघडला. आत गोणपाट, नुसतं कोंबलेलं. टाकीवरच्या पिशवीतही तेच, वर एकेक रिकामी बाटली.

लक्ष्मणला धरलं. मान खाली घालून उभा. "म्याच काढलं. तुमाला सांगितलं असतं तर तुमी काढू दिलं न्हसतं." मी ओरडलो, वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, "तुमी नगरला गेल्यावर हितं कोन येनार? तुमी यायच्या आदी दोन साल हितली जागा रिकामी हुती, ठावं हाय न्हवं? ढोरांकडं कोन बगनार, डाक्तर?"

संध्याकाळी पेटारा स्वतः भरला. दोर, नळी, सगळं. बाटल्या पुढे. पाच वेळा. दोनदाच जमली.

१२ मार्च, शुक्रवार. सकाळ.
सौ.ला सांगून झालं. म्हणाली, "शेरा साहेबांचा. तुम्ही काय खोटं लिहिलंत?" मी काहीच लिहिलेलं नाही, हे खरं. ते जे लिहून गेले ते रिकाम्या पेटाऱ्याचं, हेही खरं. टेबलावर गेलो तर जीव गुदमरेल माझा. नाही गेलो आणि एखाद्या रानात एकटा असताना गाडी पडली, तर वस्तीवरचं जनावर वाट बघत मरेल, आणि त्याचा धनीही म्हणेल की लई पळालात.

पाकिटासोबत दोन ओळी जोडाव्यात का? लिहून ठेवल्यात. एका कागदावर 'प्रत्यक्ष वजनासह पाहणी पुन्हा व्हावी' असं. तो कागद पाकिटाखाली आहे, आत नाही.

एस.टी. साडेदहाला. आत्ता नऊ. पाय सकाळचा ताजा आहे. गाडी अंगणात, पूर्ण भरलेली, लक्ष्मणला हात लावू दिलेला नाही. आतापर्यंत एकदा जमली, एकदा नाही. सौ. पाकीट घेऊन दारात उभी आहे. आणखी एकदा उचलून बघतो.