बाईंची तीनचाकी आणि माझी बॅटरीची गाडी

बाई,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी आज दुपारी जेवणाची ताटं तशीच ठेवून तुम्हाला लिहायला बसले आहे. बोटं दुखतात, चष्म्याचा नंबर वाढला आहे, गुडघ्यांचं तर विचारूच नका. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डावा गुडघा बदला म्हणतात डॉक्टर, मी म्हणते राहू द्या आता. कंटाळा आलाय बाई या शरीराचा. सकाळी उठायचं तर आधी पलंगावर बसून पायांची मनधरणी करावी लागते. यवतमाळला जिल्हा परिषदेत तीस वर्षं नोकरी केली, फायलींचे गठ्ठे तीन मजले चढवले, आणि आता चहाचा कप ओट्यापर्यंत न्यायचा तर काठी कुठल्या हातात धरू नि कप कुठल्या, याचाच विचार. तुम्ही मला ओळखाल की नाही, माहीत नाही. दिग्रसच्या शाळेत आठवीला दुसऱ्या बाकावर बसायची ती, बाजार समितीतल्या कारकुनाची मुलगी. तुमची सायकल नेली होती ती मी.

हे आधीच लिहून टाकलं, नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहीत बसले असते. तुम्ही आमच्या निबंधांवर लाल शाईनं लिहायच्या, मुद्द्यावर या. आले.

मुलगा हैदराबादला असतो. या सुट्टीत त्यानं टुमणंच लावलं, की सगळे मिळून थीम पार्कला जाऊ. मी म्हटलं, मी येऊन काय करू, तिथं कोसभर चालावं लागतं म्हणे. तर म्हणतो, "तुले चालाचं कामच नाही आई. बॅटरीची गाडी किरायानं भेटते तिथं. तू नुसती बसजो." मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायलासुद्धा जोर लागतो, तो आता माझ्यात उरला नाही. कुठं न्यायचं, कधी उठवायचं, काय खाऊ घालायचं, हे सगळं हल्ली दुसरेच ठरवतात आणि मी बरं म्हणते.

गेटपाशीच गाड्यांची खिडकी होती. माझं आधार कार्ड ठेवून घेतलं, फॉर्मवर सही घेतली. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंट कौन है?" मुलगा, सून आणि अकरा वर्षांची नात, तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. गाडी लाल रंगाची, चार लहान चाकं, समोर सामानाची जाळी, मागं काठी अडकवायला कडी. अंगठ्यानं खटका दाबला की चालते, सोडला की थांबते. वेगासाठी एक गोल बटण, त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. मुलानं बटण कासवावर नेलं आणि म्हणाला, "याले हात लावू नको." पाच मिनिटांत जाळीत सगळ्यांच्या पिशव्या आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या, हँडलला ओल्या कपड्यांसाठीची थैली आली. मला फिरवायला गाडी घेतली होती की सामान फिरवायला, देव जाणे. नातीला चालवून बघायची होती. मुलानं साफ नाही म्हटलं, ही फक्त आजीची आहे. ती फुगून बसली.

पण खरं सांगू, मला गाडी आवडली. हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही. एका ठिकाणी उतार होता, मंडळी मागं राहिली होती, मी हळूच बटण सशाकडे सरकवलं. केसांत वारा गेला. आणि मला तुमची तीनचाकी आठवली, इतकी लख्ख, की मी अंगठा काढून गाडी थांबवली. मागून सून धावत आली, "काय झालं आई, चक्कर आली का?" मी म्हटलं, ऊन लागलं.

तुमची सायकल आठवीच्या दाराशी व्हरांड्यात उभी असायची. हिरवा रंग, बसायला सतरंजीची घडी, पुढं छातीशी येणारं हातानं फिरवायचं पायडल. तुम्ही कुबड्यांवर सायकलीपासून खुर्चीपर्यंत यायच्या. मग कुबड्या वर्गात आडव्या पडतात, मुली अडखळतात, म्हणून शाळेतल्या मावशी त्या परत नेऊन सायकलीच्या मागच्या पट्ट्यात खोचायच्या. सायकल नेली की कुबड्याही जातात, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एवढं मात्र खरं आहे बाई, देवाशपथ.

मला सायकल चालवायची फार हौस. शेजारच्या मुलाची दोनदा मागून घेतली तर वडील म्हणाले, "पोरीच्या जातीले सायकल कायले पाह्यजे? हातपाय मोडून घेशीन." विषय संपला. त्या दिवशी मधली सुट्टी होती. तुम्ही वर्गात वह्या तपासत होतात, मुली पलीकडे नळावर डबे धूत होत्या, मावशी चहा आणायला गेल्या होत्या. मी सायकलीवर नुसती बसून बघते आहे. मग पायडल थोडंसं फिरवून बघते आहे. व्हरांड्याला तुमच्यासाठी केलेला उतार होता, त्यावरून सायकल आपोआप खाली गेली आणि मग मी थांबवली नाही. मैदानाला वळसा घातला. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून आपलं तारेचं कुंपण होतं, त्याला उडून आलेला कापूस चिकटलेला असायचा. तिथं वळताना सायकल एका अंगाला कलली, मी जोर लावून सावरली, आणि मला हसू आलं. एकटीच हसत होते.

परत आले तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यावरूनच दिसलं. तुम्ही व्हरांड्यात होतात, जमिनीवर. दोन्ही तळहात टेकून अंग पुढं ओढत होतात. शाळेच्या मागं मुतारी होती, तिकडं चालला होतात, आणि तिथवर पोचणं झालं नव्हतं. पातळ मागून ओलं झालं होतं, धूळ लागून त्याचा चिखल झाला होता. मी सायकल लिंबाच्या झाडामागं सोडली आणि नळावर जाऊन डबा धुवायला लागले. माझा डबा आधीच धुतलेला होता. मग मावशींचा आवाज आला, "अवं माय, बाई खाली काहून बसल्या? सायकल कोनं नेली वं?" सगळ्या धावल्या, त्यांच्यात मीही धावले. तुमचा एक हात मावशींनी धरला, दुसरा मी. तुमच्या तळहाताची कातडी सोलली होती, ती माझ्या हाताला लागली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारख्या आलात. हजेरी घेतली. मग म्हणालात, "काल माझी सायकल कुणीतरी नेली होती. मला नाव नको. शिक्षाही करायची नाही. मी दोनदा हाक मारली होती. जिनं नेली तिनं फक्त एवढंच सांगावं, की हाक ऐकू आली नाही. चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली तरी चालेल." एवढं बोलून तुम्ही धडा उघडायला सांगितलात. पुढचा आठवडाभर तास संपला की तुम्ही टेबलावरचे कागद एकेक उलटून बघायच्या. दुसऱ्या बाकावरून ते मला स्पष्ट दिसायचं. चिठ्ठी काही आली नाही. त्यानंतर तुम्ही शाळेत चहा घेणं सोडलंत. मावशी आणायच्या, तुम्ही "आज नको" म्हणायच्या, मग मावशींनी आणणंही बंद केलं. घरून आणलेली पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच परत जायची. का, ते मला कळत होतं.

मी मात्र फार गुणी झाले. फळा मी पुसायची, वह्या मी गोळा करायची, कुबड्या मावशींच्या आधी मीच उचलायची. तुम्ही सगळ्यांना सांगायच्या, ही मुलगी मोठी मायाळू आहे. मला त्या वेळी जमिनीत शिरावंसं वाटायचं. आणि दहावीत असताना तुम्ही आमच्या घरी आलात, सायकलवरून, भर उन्हात. वडील ताडकन उभे राहिले. तुम्ही म्हणालात, "पुढं कॉलेजला जायचं तर मुलीला सायकल यायला हवी. मी या हातांनी चालवते, तिला तर देवानं पाय दिलेत." वडिलांनी महिन्याभरात लेडीज सायकल आणली. तुम्हाला माहीत होतं का बाई? ती मीच, हे ओळखून आला होतात का? की खरंच काही माहीत नव्हतं? इतक्या वर्षांत मी दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्हींकडून मला त्रासच होतो.

आता पार्कातली गोष्ट. दुपारी मुलगा आणि सून पाण्याच्या घसरगुंडीकडे गेले. नातीचं पोट जरा बिघडलं होतं म्हणून ती माझ्यापाशी थांबली. गाडीवर बसून पाठ ताठ झाली होती, म्हणून मी उठून बाजूच्या बाकावर बसले. काठी गाडीच्या मागच्या कडीतच होती. जरा डोळा लागला. जाग आली ती लघवीच्या घाईनं. बघते तर गाडी नाही, नात नाही. मग दिसली. समोर कारंजं आहे, त्याच्याभोवती लाल गाडीवर बसून चक्कर मारून राह्यली होती. वेणी उडत होती. मी हाक मारली. ती थांबली नाही. मी पुन्हा हाक मारली, सगळा जोर लावून. तिनं मान वळवली. माझ्याकडे बघितलं, अगदी सरळ बघितलं, बाई. मग खाली वाकून बटण फिरवलं आणि कारंज्यापलीकडे गेली.

मी बाकाची कड धरून उभी राहिले, पुन्हा बसले. जमिनीवर हात टेकून जावं का, असाही विचार आला. तिथं झाडणारी एक बाई होती, तेलुगू बोलणारी. तिला माझं बोलणं कळलं नाही, पण चेहरा कळला. झाडू टाकून तिनं मला काखेतून धरलं आणि नेलं. पोचले, पण थोडा उशीर झाला होता. परत आले तर गाडी बाकापाशी उभी होती; तिच्यावरच्या सूनबाईच्या थैलीतला टॉवेल गुंडाळून बसले, माझ्या वयाची बाई, हजार माणसांत. मला राग आला नाही. इतकं थकायला झालं होतं की रागही आला नाही.

मुलगा आल्यावर त्याला सगळं कळलं. तो पोरीवर भडकला. "आजीनं हाक मारली, ऐकू नाही आली का तुले?" ती म्हणाली, "नाही ना पप्पा, गाणी लागली होती." त्यानं पुन्हा विचारलं, "खरं सांग." मी म्हटलं, "अरे, किती मोठ्यानं गाणी लावून राह्यले हे लोक, कशी ऐकू येईन तिले?" नातीनं माझ्याकडे बघितलं नाही. पिशव्या तिनं उचलल्या, गेटपर्यंत माझा हात धरून चालली, गाडी परत करताना आधार कार्डही तिनंच आठवणीनं मागून घेतलं.

मला परत येऊन तीन आठवडे झाले. ती रोज फोन करते. आजी, गोळी घेतली का. आजी, गुडघ्याला शेकलंस का. सून कौतुकानं सांगते, "एकदम शहाणी झाली हो तुमची नात." मला ते ऐकवत नाही. या वयात इतकं शहाणं कुणी उगाच होत नसतं. तिला जवळ घेऊन विचारावं, तू ऐकलं होतंस ना गं, आणि मी रागावले नाही म्हणून सांगावं, असं रोज मनात येतं. फोन हातात घेतला की तोंड उघडत नाही. तिनं उलट मला विचारलं, आजी, तू असं कधी केलंस का, तर? म्हणून आधी तुम्हाला सांगायला बसले. हा कागद पाठवायचा तरी कुठं? दिग्रसच्या तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. डाळीच्या डब्याखाली ठेवीन, पुढं कधीतरी फाडून टाकीन.

बाई, मला ऐकू आली होती. दोन्ही वेळा. पहिली हाक आली तेव्हा मी मैदानाच्या अर्ध्यावर होते, तिथून सरळ परत येता आलं असतं. दुसरी हाक आली तेव्हा तुमचा आवाज फाटला होता, आणि मी पायडल आणखी जोरात फिरवलं आणि अजून एक फेरा घातला. तुमचे सोललेले हात मला आजही दिसतात. पण तो शेवटचा फेरा फार छान झाला होता, बाई. आठवला की अजूनही छान वाटतं.