सुरातलं हाजिमेमाश्ते

चि. सौ. धाकटीस,

शाळेच्या हॉलमध्ये सिस्टर आल्या की आपण साऱ्या ताडकन उभ्या राहून 'गुड मॉऽऽर्निंग, सिस्टऽऽर' म्हणायचो, आणि तुझा 'टऽऽर' सगळ्यांच्या मागून एकटाच यायचा, आठवतं? असो. अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? (खरं सांग. मागच्या पत्रातलं 'बरा' मला पटलेलं नाही.)

तर बातमी अशी, की मी जपानी बोलले. चिरंजीवांनी तिकडची मुलगी पसंत केली, हे तुला ठाऊक आहेच. विहीणबाईंशी व्हिडिओ कॉलवर पहिली भेट ठरली, तेव्हा तो म्हणाला, "आई, तू फक्त हस. बाकी मी बघतो." म्हणजे माझ्याच मुलाच्या लग्नाची बोलणी, आणि मी शोकेसमधली बाहुली. मी गुपचूप क्लास लावला. शिकवणाऱ्या बाई तरुण, स्वभावाने फार गोड. पण मी कुठलंही अभिवादन म्हटलं की ते सिस्टरांच्याच चालीत निघे. शेवटी त्या हात जोडून म्हणाल्या, "काकू, हे गायचं नसतं हो."

भेटीच्या दिवशी समोर विहीणबाई, चेहरा इस्त्री केल्यासारखा. मी आपोआप उभी राहिले आणि तोंडातून निघालं, 'हाजिमेमाऽऽश्तेऽऽ' (पहिल्या भेटीत म्हणतात ते). उभी राहिल्यामुळे त्यांना माझं फक्त पोट दिसलं. चिरंजीवांनी डोळे मिटले. पण पलीकडे खुर्ची सरकली, विहीणबाईही उभ्या राहिल्या आणि, धाकटे, त्यांच्या पोटाकडून तेच, त्याच चालीत परत आलं. दोघी वाकलो तेव्हा कुठे चेहरे दिसले. त्यांचे डोळे भरलेले, माझं तर विचारूच नकोस. होणारी सून इंग्रजीत म्हणाली, "आईपण इथे सिस्टरांच्याच शाळेत होती." पुढची बोलणी आम्ही दोघींनीच केली, सून मध्ये दुभाषी. चिरंजीव फक्त हसत होते.

तुझी,
ताई

ता. क. लग्नाला विहीणबाई येताहेत, तेव्हा सगळ्यांना एकेक अभिवादन वाटून दे. मामांना 'ओहायो' (ते सकाळचं, दुपारनंतर मामा जागे नसतात). 'सायोनारा' माझ्या वन्संना देऊ नकोस, त्यांच्या निरोपात दोनदा चहा होतो. ते तुझ्या यजमानांना दे, एका शब्दावर त्यांचं भागतं.

आणखी एक. लग्नानंतर मुलं तिकडे जातील. इथे मी आणि घड्याळ. तुझ्याकडे येईन म्हणते. (आठच दिवस म्हणेन, विश्वास ठेवू नकोस.) 'ओकाएरी' मी कुणालाच दिलेलं नाही. आपलं माणूस घरी परतलं की घरातलं माणूस ते म्हणतं. ते तुला.