वरच्या मजल्यावर जाण्याचा कार्यक्रम

२ जानेवारी
नवी डायरी. एका विमा कंपनीने फुकट दिलेली. काल सुरू करणार होतो, पण सुट्टीच्या दिवशी केलेले संकल्प माझ्याच्याने टिकत नाहीत.

यंदा संकल्प एकच. क्लेम्सच्या टेबलावरून सुटायचं. आमच्या इन्शुरन्स ब्रोकर फर्ममध्ये मी अकरा वर्षं क्लेम्सला आहे. पॉलिसी विकताना हसतात ते दुसरे. माल जळला, भिजला, चोरीला गेला की लोक रडायला येतात ते माझ्याकडे. टेबल झेरॉक्स मशीन आणि टॉयलेट यांच्यामधे. खिडकी नाही. वरच्या मजल्यावर कॉर्पोरेट डिपार्टमेंट. तिथे खिडक्या, कॉफी मशीन, आणि ज्यांचं अजून काहीही जळलेलं नाही असे क्लायंट. तिथले हेड ऑगस्टअखेर रिटायर होतायत. साहेब म्हणाले, जूनपर्यंत ज्यांचा डिप्लोमा होईल त्यांचाच विचार करू. डिप्लोमा म्हणजे दोन पेपर, कुठलेही. किरकोळ काम.

सुरुवात रीइन्शुरन्सने करणार. विमा कंपन्या स्वतःचा विमा काढतात, तो. अवघड पेपर आधी उडवला की पुढे उताराला लागतो. उद्यापासून पहाटे पाच.

३ जानेवारी
पाचचा गजर वाजला. बायकोने बंद केला. ती म्हणते, तूच केलास. हे नक्की करण्यात सकाळ गेली.

१८ जानेवारी
पुस्तक आलं. कव्हर घातलं, लेबल लावलं. अनुक्रमणिका पूर्ण! बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला लगेच आकडा लागतो. किती पानं झाली, म्हणून विचारलं. म्हटलं, विषयाचा आवाका लक्षात आला. ती म्हणाली, पुस्तकाचं वजन लक्षात आलं असेल.

१० फेब्रुवारी
ऑनलाइन लेक्चरं. मधेच स्क्रीनवर बटण येतं, ‘आपण उपस्थित आहात का?’ दाबलं नाही तर लेक्चर पहिल्यापासून. आज पुन्हा पहिल्यापासून. ‘चला, विषयाकडे वळूया’ एवढं माझं तोंडपाठ आहे. सर वळतात, मला झोप लागते. बायकोला म्हटलं, डोळा लागला तर तू दाब. ती म्हणाली, तुझं खोटं माझ्या बोटाने नको.

२ मार्च
रीइन्शुरन्स तूर्त बाजूला. सोडलेला नाही. त्याऐवजी मरीन. समुद्र, जहाजं, मोकळी हवा. माझा पिंडच तो आहे.

१९ एप्रिल
मरीनचा निकाल. थोडक्यात गेला. पेपर काढणाऱ्याने जहाज पाहिलेलं नसावं. मीही पाहिलेलं नाही, पण मी पेपर काढत नाही.

ऑफिसात कुणाला कळू दिलं नाही. तरी झेरॉक्सला आलेल्या चौघांनी, सर, पुढच्या वेळी नक्की, असं सांगितलं.

२५ एप्रिल
युरेका! ‘प्रगत क्लेम्स’ नावाचा एक पेपर आहे. कुणी घेत नाही, म्हणून संस्था तो दोन पेपरांच्या बरोबरीचा धरते. एका दमात डिप्लोमा, वर क्लेम्स तज्ज्ञाचं सर्टिफिकेट! आणि क्लेम्स मला झोपेतही येतात. बायको साक्षीला आहे, कालच मी झोपेत कुणाला तरी सर्व्हेअरचा रिपोर्ट मागत होतो म्हणे.

समोरच्या टेबलावरची ज्युनियर, जिला सगळे टॉपर म्हणतात कारण तिचा कुठलाच पेपर राहत नाही, ती हळूच म्हणाली, सर, तुम्हाला इथून सुटायचंय ना, मग हाच पेपर नका घेऊ. म्हटलं, का? म्हणाली, ज्याचा शिक्का बसेल त्याच टेबलाला चिकटवतील. मी हसलो. स्पर्धेची भीती माणसाला काय काय बोलायला लावते. चांगली मुलगी आहे, पण महत्त्वाकांक्षी.

१४ जून
पास! नुसता पास नाही, सगळ्यांत पहिला. साहेबांनी केक कापला, फर्मच्या वेबसाइटवर माझा फोटो टाकला, खाली ‘आमचे सर्टिफाइड क्लेम्स तज्ज्ञ’. फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. साडूने फक्त अंगठा पाठवला. जळतोय.

टॉपरचेही दोन पेपर झाले. हेडच्या जागेसाठी आता आम्ही दोघंच. अनुभव कुणाचा जास्त, हे साहेबांना दिसतंच.

९ जुलै
आज मला वर बोलावलं होतं! कोल्ड स्टोरेजवाले एक शेठ आले होते, आजवरचा सर्वांत मोठा क्लायंट. बिचारे पोळलेले. आधीच्या ब्रोकरकडचा क्लेम्सचा माणूस ऐन भरपाईच्या वेळी नोकरी सोडून गेला आणि यांचा क्लेम दीड वर्ष लोंबकळला. बोलता बोलता ते खिशात रुमाल शोधू लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही तरी इथेच राहणार ना?

समोरचा माणूस हबकलेला असला की त्याला आधी धीर द्यायचा, ही माझी अकरा वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, शेठ, निश्चिंत राहा, मी कुठे जातोय! त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. साहेबांनी करारात लगेच तसं घालायला सांगितलं, की माझं सर्टिफिकेट चालू आहे तोवर त्यांचे क्लेम्स मीच बघेन, क्लेम्सच्याच टेबलावरून.

टॉपर कोपऱ्यात मिनिट्स लिहीत होती. तिने डोळे मिटून घेतले. एवढा क्लायंट मी एका वाक्यात आणला, हे तिला लागलं असणार. आता मला वर नेण्यावाचून साहेबांना गत्यंतर नाही.

१ सप्टेंबर
टॉपर वर गेली. हेड म्हणून.

साहेबांनी केबिनमध्ये बसवून समजावलं. म्हणाले, तुम्हाला हलवलं तर शेठ जातील, तुम्हीच शब्द दिलाय. शिवाय सर्टिफाइड माणूस दुसरा आहे कुठे? खुर्ची नवीन देतो म्हणाले.

घरी बायकोने एवढंच विचारलं, खुर्चीला चाकं आहेत का. हे जास्त लागलं.

२३ सप्टेंबर
नवी खुर्ची आली. पाठीला बरी आहे. दिवसभरात दोन आगी, एक चोरी, एक फुटलेली पाइपलाइन. सगळ्यांना म्हटलं, घाबरू नका. संध्याकाळी टॉयलेटमध्ये जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो. अकरा वर्षांत मला कुणी म्हटलेलं नाही, घाबरू नका. गुदमरल्यासारखं होतं. हे इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

१२ ऑक्टोबर
मार्ग सापडला. क्लेम्सचं सर्टिफिकेट दर वर्षी नोव्हेंबरात परीक्षा देऊन नवं करावं लागतं. करारात काय आहे? ‘सर्टिफिकेट चालू आहे तोवर’. म्हणजे नोव्हेंबरच्या परीक्षेत नापास झालो की मी मोकळा! साहेब दुसरा माणूस शोधतील, शेठना दुसरा आधार मिळेल. आणि टॉपरने वरून निरोप धाडलाय की जानेवारीत तिच्या हाताखाली एक जागा होतेय, सर येणार का. तिच्या हाताखाली तर तिच्या हाताखाली. मला खिडकी हवी आहे.

नापास होण्याचा मला चांगला अनुभव आहे. यंदा पहिल्यांदाच प्लॅन पक्का. अभ्यासही लागत नाही.

२१ नोव्हेंबर
परीक्षा झाली. पहिला प्रश्न मुद्दाम चुकीचा सोडवला. दुसरा कोरा. छान चाललं होतं.

तिसरा प्रश्न, सर्वांत जास्त गुणांचा. एका सुताराचा कारखाना जळतो. तो स्वतः भाजून हॉस्पिटलात, म्हणून कंपनीला कळवायला उशीर होतो. कंपनी म्हणते, उशीर झाला, क्लेम नामंजूर. तुमचं मत लिहा. ठरल्याप्रमाणे लिहिलं, ‘कंपनीचं बरोबर आहे.’ लिहिलं आणि तसाच बसून राहिलो. तो माणूस पट्ट्या बांधून पडलाय आणि हे तारखा मोजतायत! ओळ खोडली. मग काय झालं कळलं नाही. पुरवण्या मागितल्या. शेवटी तर त्या कंपनीच्या मॅनेजरला पत्रच लिहिलं, सणसणीत. वेळ उरला म्हणून दुसरा प्रश्नही लिहिला, पहिला दुरुस्त केला.

पण अक्षर फार वाईट आलंय. त्यावर भिस्त आहे.

२० डिसेंबर
निकाल. पुन्हा पहिला. इतके गुण मिळाले की संस्थेच्या नियमाप्रमाणे आता दर वर्षी परीक्षा नको, सर्टिफिकेट निवृत्तीपर्यंत चालेल. शेठचा फोन आला, आता निश्चिंत झालो म्हणाले. साहेबांनी केक आणला. टॉपर खाली आली, अभिनंदन सर म्हणाली, केक न खाता वर गेली. तिच्याकडची जागा दुसऱ्याला दिली.

रात्री बायकोने विचारलं, अरे, तुला साधी एक चूक करता आली नाही? म्हटलं, केली होती. खोडली.